विश्लेषण : बोटाएवढा ‘एम्परर एंजल’ घरी आणताय? आधी हे वाचा

गडद निळ्या अंगावर पांढरी वर्तुळे असलेले एम्परर एंजलफिशचे पिल्लू पाहिले, की ते घरी न्यावेसे वाटते. पण पाच सेंटिमीटरचा हा मासा पुढे ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. म्हणून टाकी ठरवायची ती मोठ्या माशाच्या मापाने. पिंपरी-चिंचवड किंवा चाकणच्या फ्लॅटमध्ये हे कितपत जमेल?

रंग का बदलतो?

पिल्लू साधारण ८ ते १२ सेंटिमीटरचे झाले, की वर्तुळे विरू लागतात आणि पिवळे-निळे पट्टे उमटतात. फरक इतका की, १७८७ मध्ये मोठ्या माशाला ‘इम्परेटर’ नाव मिळाल्यानंतर १८०१ मध्ये पिल्लाची ‘निकोबारिएन्सिस’ ही वेगळी जात म्हणून नोंद झाली होती. मोठे मासे आपल्या हद्दीत दुसरा एंजल खपवून घेत नाहीत. वेगळ्या रंगामुळे पिल्लू त्यातून वाचत असावे, असे मानले जाते. त्यामुळे एका टाकीत एकच एंजल ठेवावा.

टाकी केवढी हवी?

मोठ्या माशासाठी किमान ६ × २.५ × २ फूट, म्हणजे सुमारे ८५० लिटर. एवढ्या खाऱ्या पाण्याचेच वजन ८७० किलोच्या आसपास होते. काच, दगड आणि स्टँड वेगळे. टाकीखाली दर चौरस मीटरला ६०० किलोहून जास्त भार येतो. निवासी स्लॅबसाठी भारतीय मानकात धरलेला भार २०० किलोच्या आसपास आहे. त्यामुळे टाकी बीमजवळ, भिंतीलगत ठेवावी आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारावे.

पाणी आणि विजेचे काय?

- लिटरला ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे पहिल्या भरणीलाच सुमारे ३० किलो सागरी मीठ लागते. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही.
- नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून आरओचे पाणी वापरावे. १० टक्के पाणी बदलायचे तर ८५ लिटर हवे. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ पासून दिवसाआड पाणी येते, त्यामुळे साठवण आधीच करावी.
- मासा आणण्यापूर्वी टाकी चार ते सहा आठवडे चालवावी. विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू तेवढ्या काळात तयार होतात.
- गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. त्या वेळी बॅटरीवरचा एअर पंप नसेल, तर पाण्यातला ऑक्सिजन घटतो. तापमान २५ ते २७ अंश हवे. उन्हाळ्यात चिलर लागतोच.

खायला काय द्यावे?

समुद्रात हा मासा प्रामुख्याने स्पंज खातो. घरी स्पंज असलेले गोठवलेले खाद्य, शेवाळ आणि कोळंबी दिवसातून दोन-तीनदा, थोडे थोडे द्यावे. आहार किंवा जागा कमी पडली, तर मोठेपणी रंग फिका राहतो, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे.

कायदा काय सांगतो?

टाकीच्या सजावटीसाठी जिवंत प्रवाळ घेऊ नये. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहेत. ते बाळगणे गुन्हा ठरते.

मोठी टाकी शक्य नसेल तर?

‘मोठा झाला की बघू’ म्हणून पिल्लू आणू नये. बहुतेक एम्परर समुद्रातूनच पकडलेले असतात आणि एवढा मासा परत घेणारे मिळणे कठीण. त्याऐवजी क्लाऊनफिश पाळावा. तो छोट्या टाकीत राहतो, शिवाय केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या बंदिस्त प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे.