अठरा पूर्ण झाली, सातबारावरचं 'अ.पा.क.' कधी निघणार?

शेतकरी बंधूंनो, आपल्या गावातली आईबापाविना वाढलेली पोरं डोळ्यासमोर आणा. कुणाला चुलत्यानं सांभाळलं, कुणाला आजीनं, कुणाला जिल्ह्याच्या बालगृहात घातलं. लहान होती तोवर साऱ्या गावाला कळवळा होता. अठरा पूर्ण झाल्यावर त्यांचं काय होतं, हे कधी विचारलंत?

होतं ते असं. बालसंगोपन योजनेतून सांभाळणाऱ्याला दरमहा २,२५० रुपये मिळतात (२०२३ पूर्वी १,१०० होते). ते अठराव्या वर्षी बंद. बालगृहाचा मुक्कामही तिथंच संपतो. बारावीचा निकाल लागायचा असतो आणि हाती एक पेटी. आपल्या घरची अठरा वर्षांची पोरं अजून पेट्रोलला पैसे मागतात!

बापाची दोन एकर असेल त्याचं तरी भागावं ना? गोम इथंच आहे. बाप वारल्यावर वारस नोंद झाली असेल, तर सातबारावर पोराचं नाव लागतं आणि त्यापुढं 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून सांभाळणाऱ्याचं. पोरगं सज्ञान झालं तरी ही नोंद आपोआप उडत नाही. वयाचा पुरावा जोडून तलाठी भाऊसाहेबांकडे अर्ज द्यावा लागतो, फेरफार व्हावा लागतो. नाहीतर कर्जाला गेलं की गाडी अडते. कित्येकदा वारस नोंदच राहिलेली असते. पोरगं बालगृहात आणि इकडं बांध सरकलेला.

आता कायदा ऐका. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानं अज्ञानाची जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय आईबापालाही विकता येत नाही. नुसतं सांभाळलं म्हणून चुलत्या-मामाला तर तो अधिकारच नाही. पालकानं विनापरवानगी विकली असेल, तर तो व्यवहार रद्द करायचा दावा सज्ञान झाल्यापासून ३ वर्षांत लावावा लागतो. नेमकी हीच ३ वर्षं पोराची वणवणीत जातात. (एकत्र कुटुंबाच्या न वाटलेल्या जमिनीचं गणित वेगळं आहे, तिथं वकिलाला विचारा.) मुलगी असेल तर तिचाही हक्क तितकाच. लग्न लावून दिलं म्हणजे नाव कमी होत नाही.

सांभाळणारे सगळे लबाड असतात असं मुळीच नाही. पुतण्याच्या फीसाठी दावणीची शेळी विकणारे चुलतेही आहेत. त्यांनीच पुढं होऊन कागद मोकळे करावेत, म्हणजे उद्या बोल लागणार नाही.

बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांसाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अनुरक्षणाची सोय आहे. २१ वर्षांपर्यंत, अपवादानं २३ पर्यंत, राहणं, शिक्षण आणि कामधंद्याला मदत मिळू शकते. पण बालगृह सोडायच्या आधीच ही गोष्ट काढायला हवी. शिवाय अठराच्या आत आईबाप दोघंही वारलेल्यांना अनाथ प्रमाणपत्र मिळतं. २०१८ पासून राज्यात शिक्षण आणि सरकारी नोकरीत अनाथांना १ टक्का आरक्षण आहे, ते या कागदावर. चौकशी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करावी.

सरपंच मंडळींनो, ग्राम बाल संरक्षण समितीचे अध्यक्ष तुम्हीच आहात. शेवटची बैठक कधी झाली ते इतिवृत्तात बघा. पुढच्या बैठकीत अशा सोळा-सतरा वर्षांच्या पोरापोरींची नावं घ्या आणि प्रत्येकाचं आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला आणि सातबारा तपासा. जातीच्या दाखल्याला बापाकडचा पुरावा लागतो. तो गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात सापडतो. शहरात खोली घेऊन राहणाऱ्या पोराला तो कोण काढून देणार? आणि वारस नोंद राहिली असेल, तर बाप गावातच वारला असल्यास मृत्यूचा दाखला तुमच्याच ग्रामपंचायतीत मिळतो.