रेल्वे आली तरी गाळा घेताना घाई नको

नवी मुंबईत लोकल गाडी आणि वस्ती यांची आखणी एकत्रच झाली. मानखुर्द–वाशी मार्ग १९९२ साली सुरू झाला. त्याच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला, उरलेला रेल्वेने. हिशेब सरळ होता. गाडी आली की जमिनीला भाव येतो आणि त्या विक्रीतून खर्च निघतो. म्हणूनच वाशी स्टेशनच्या माथ्यावर कार्यालये उभी राहिली.

नेरुळ–उरण मार्गालाही हेच प्रमाण ठरले. नोव्हेंबर २०१८ मध्ये गाडी खारकोपरपर्यंत गेली. उरण गाठायला मात्र जानेवारी २०२४ उजाडले. 'रेल्वे येणारच' या भरवशावर जो पुढच्या भागात कर्ज काढून गाळा घेतो, त्याचे हप्ते थांबत नाहीत. गिऱ्हाईक मात्र पाच-पाच वर्षे थांबते.

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना आम्ही एवढेच सुचवू, की नकाशातले स्टेशन पाहून सौदा करू नये. संध्याकाळी इमारतीत किती दिवे लागतात, ते मोजावे. नवीन वस्तीत सुतार, रंगारी आणि फॅब्रिकेशनवाल्याला काम आधी मिळते, कपड्याच्या दुकानाला उशिरा. तेव्हा आधी भाड्याने बसून धंदा अजमावावा. विकत घ्यायचेच तर भोगवटा प्रमाणपत्र, गाळ्याचा मंजूर वापर आणि सिडकोचे हस्तांतरण शुल्क यांची लेखी खात्री करूनच बयाणा द्यावा.