दूधवाहिनीच्या जोडण्या : कोणता पाना, कोणता ब्रश?

दूध संकलन व शीतकरण केंद्रातील नळ्या, झडपा आणि जोडण्या स्टेनलेस स्टीलच्या असतात. त्या उघडण्यासाठी मात्र अनेकदा विहिरीवरच्या मोटारीचाच पाइप पाना आणला जातो. नट सुटतो, म्हणून काम झाले असे वाटते. परंतु पाइप पान्याचे दात नटावर चरे पाडतात आणि नळीवर पकडल्यास तिची गोलाई बिघडते. मग गॅस्केट सर्व बाजूंनी सारखे दाबले जात नाही व उरलेल्या फटीत दूध साचते. दुधाची प्रत घसरली की दोष उत्पादकाच्या किटलीला दिला जातो. जोडणी उघडून कोणी पाहत नाही.

दूधवाहिनीच्या युनियनचा नट बहुधा गोल असून त्याच्या कडेला खाचा असतात. त्यासाठी हुक पाना हेच योग्य हत्यार होय. पान्याचा बाक नटाच्या व्यासाशी जुळावा आणि त्याचे नाक खाचेत पूर्ण बसावे; म्हणून खरेदीस जाताना एक नट सोबत न्यावा. षट्कोनी नटासाठी नेमक्या मापाचा, शक्यतो सहा कोनांचा रिंग पाना घ्यावा. बारा कोनांचा पाना अडचणीच्या जागी सोयीचा असला तरी झिजलेल्या नटाचे कोपरे तो लवकर गोल करतो.

नट प्रथम हातानेच फिरवावा. स्टीलचे आटे एकमेकांवर जोराने घासले गेले की ते जागीच जखडतात आणि मग नट कापण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आट्यांना खाद्यसुरक्षित ग्रीसचा पातळ लेप द्यावा. पान्याच्या दांड्याला पाइप जोडून जोर वाढवू नये.

ओ-रिंग स्क्रू ड्रायव्हरने उपसू नये. खोबणीत पडलेल्या चऱ्यात दुधाचा अंश टिकून राहतो. नायलॉनची आकडी पुरेशी आहे. नवी रिंग घेताना रबराचा प्रकार अवश्य विचारावा. ईपीडीएम रबर स्निग्धांशाच्या संपर्कात फुगते, नायट्राइल तुलनेने टिकते.

लोखंडी तारेचा ब्रश पूर्णतः वर्ज्य समजावा. त्याचे कण स्टीलमध्ये रुततात व गंजतात, आणि लोक स्टीलच हलक्या प्रतीचे होते असे म्हणतात! नायलॉनचा ब्रश वापरावा. जोडणीच्या आत जमलेले पांढुरके कवच मुख्यतः कॅल्शियमच्या क्षारांचे असते; ते खरवडू नये, डेअरीसाठीच्या आम्लयुक्त द्रावणाने विरघळवावे. हे द्रावण क्लोरीनयुक्त द्रावणात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

कोणतीही जोडणी उघडण्यापूर्वी पंप बंद करून दाब उतरवावा. बॉल झडप धुताना अर्धवट फिरवावी; पूर्ण उघडी वा पूर्ण बंद ठेवल्यास गोळ्याभोवतीच्या पोकळीतील दूध तेथेच अडकून राहते.

ही हत्यारे दूध विभागातच, स्वतंत्र डब्यात ठेवावीत. ट्रॅक्टरच्या पेटीतून आलेल्या पान्याबरोबर ऑइल आणि लोखंडाचा कीसही येतो.