ड्रोन सर्व्हे केलात, पण नोंद ठेवलीत का?

रत्नागिरीतल्या कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत मावत नाही, म्हणून ड्रोन उपयोगी पडतो. आता समजा, पाच वर्षांनी कुणी पुन्हा सर्व्हे केला आणि एक रेषा पुसट दिसली. जांभा झिजला, की त्या वेळी ऊन डोक्यावर होतं? तिरप्या उन्हात उथळ रेषा उठून दिसतात, भर दुपारी हरवतात. वेळच लिहिली नसेल, तर तुलना कशी करणार?

म्हणून प्रत्येक उड्डाणासोबत एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा. तारीख, वेळ, ड्रोन, कॅमेरा, उड्डाणाची उंची, फोटोंचा ओव्हरलॅप, कंट्रोल पॉइंट कशाने मोजले, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि सेटिंग, हे सगळं त्यात हवं. तयार नकाशासोबत मूळ फोटोही जपा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो उंचीचा. जीपीएस मुळात एलिप्सॉइडपासूनची उंची मोजतं; नकाशावर असते ती समुद्रसपाटीपासूनची. कोकणात या दोन्हींत ६० मीटरहून जास्त फरक पडतो! त्यामुळे नुसता आकडा पुरत नाही, उंची कशापासून मोजली तेही लिहा. निर्देशांकांचंही तसंच: यूटीएम असेल तर झोन ४३ उत्तर, असं स्पष्ट नोंदवा.

कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. तरी सड्यांवर रस्ते, खाणी येतच असतात. उद्या एखादं शिल्प गेलंच, तर मागे तुमचा डेटा उरेल. तो दुसऱ्याला वापरता यायला हवा ना?