रबारी मेंढपाळांची वाटचाल

कार्तिक सरला की भंडारा जिल्ह्यातील धानाच्या बांध्या मोकळ्या होऊ लागतात. अनेक दशकांपासून विदर्भात वावरणारे कच्छचे रबारी मेंढपाळ याच सुमारास कळप घेऊन या बाजूस दिसतात.

सकाळी तळ हलतो. पुरुष शेकडो मेंढ्यांमागे आडवाटेने निघतात. स्त्रिया खाटा, भांडी, अंथरुणे उंटांवर लादून पुढच्या मुक्कामाची वाट धरतात; त्या ओझ्यावरच तान्ही मुले आणि नुकतीच जन्मलेली कोकरेही असतात. त्या वेळेवर पोहोचल्या नाहीत, तर दिवसभर चाललेल्यांना सायंकाळी ना पाणी, ना भाकर. पाहणाऱ्याच्या हे सहसा ध्यानी येत नाही.

खरी कसोटी लागते ती बांधावर. कापणीपूर्वी उभ्या धानातच शेतकरी लाखोरी पेरतो. त्यामुळे धान निघाल्यावर दुरून रिकामी भासणारी बांधी कोवळ्या रोपांनी भरलेली असते. कळप तीत शिरला, तर घटकाभरात पीक जाईल आणि त्या गावची वाटही मेंढपाळाला कायमची बंद होईल. म्हणून एकजण पुढे, एकजण मागे राहून सारखी हाक देत असतो. कुत्रा मेंढ्या वळवीत नाही; तो मागून रमतगमत येतो. त्याची पाळी रात्रीची!

ज्या शेतात लाखोरी नाही, तेथे शेतकरी स्वतःच कळप बसवून घेतो. लेंड्यांचे व मूत्राचे उत्तम खत त्याला मिळते. मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. अंधार पडला की कुत्रा कळपाभोवती फिरू लागतो. जंगलाच्या बाजूने बिबट्याची चाहूल लागताच तो भुंकतो, आणि खाटेवरचा थकलेला माणूस काठी घेऊन उठतो.