शिकारी गोळी

शिकारी रायफलच्या काडतुसातून सुटून सावजाचा वेध घेणारा धातूचा भाग. पितळी पुंगळी, टोपी, दारू व गोळी हे काडतुसाचे चार घटक होत. यांपैकी पुंगळी अनेकदा वापरता येते. त्यामुळे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अनेक शिकारी रिकाम्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. अशा वेळी परवडणारी, तरीही खात्रीची गोळी निवडणे महत्त्वाचे असते.

रचना व प्रकार : नुसत्या शिशाची गोळी मऊ असते व अधिक वेगात तिचे शिसे नळीतील आट्यांना चिकटते. यावर उपाय म्हणून एदुआर्त रूबीन या स्विस अधिकाऱ्याने १८८२ मध्ये तांब्याचे आवरण असलेली गोळी तयार केली. टोक उघडे ठेवल्यास अशी गोळी आघाताने पसरते. दमदम (कोलकात्याजवळ) येथील शस्त्रशाळेत १८९० नंतरच्या दशकात बनलेल्या या धर्तीच्या गोळ्या प्रसिद्ध आहेत. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने प्रसरणशील गोळ्या युद्धात निषिद्ध ठरविल्या. शिकारीत मात्र सावज लवकर मरावे म्हणून त्याच वापरतात.

शिशाचा गाभा व त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे साधे आवरण असलेली गोळी सर्वांत स्वस्त असते. जवळून, अतिवेगाने हाडावर आदळल्यास तिचा गाभा आवरणापासून सुटू शकतो. हा दोष टाळण्यासाठी गाभा आवरणाशी सांधतात किंवा मध्ये आडवा पडदा ठेवतात. दुसऱ्या प्रकारची गोळी जॉन नॉस्लर यांनी १९४८ मध्ये विक्रीस आणली. संपूर्ण तांब्याची गोळी बहुधा सर्वांत महाग असते.

निवड : हरणासारख्या मध्यम प्राण्यासाठी बेताच्या अंतरावर साधी गोळी पुरेशी होते. ०·३० इंच व्यासाच्या रायफलींत १५० ते १८० ग्रेन (सु. ९·७ ते ११·७ ग्रॅ.) वजनाच्या गोळ्या रूढ आहेत. एल्क व मूस यांसारख्या जाड हाडांच्या प्राण्यांसाठी मजबूत गोळी लागते. सरावात बरीच काडतुसे खर्ची पडतात, शिकारीत मोजकीच. म्हणून सरावास स्वस्त व शिकारीस योग्य गोळी वापरणे किफायतशीर ठरते. मात्र वजन सारखे असले, तरी दोन गोळ्यांना दारूचे एकच प्रमाण चालत नाही. गोळीची लांबी व नळीशी होणारे घर्षण यांनुसार दाब बदलतो. तो वाढल्यास रायफल फुटण्याचा धोका असतो. म्हणून प्रत्येक गोळीसाठी उत्पादकाचे कोष्टक पाळावे लागते व शिकारीपूर्वी तीच गोळी झाडून नेम जुळवावा लागतो. अयोग्य गोळीने सावज जखमी होऊन निसटते व तडफडून मरते. गोळीमागे वाचलेले पैसे तेथे निरर्थक ठरतात.

शिशाचा प्रश्न : शिशाच्या गोळीचे सूक्ष्म कण मांसात पसरतात. सावजाचे टाकलेले अवशेष खाऊन कॅलिफोर्निया कॉन्डॉर या दुर्मिळ गिधाडाला विषबाधा होते. १९८२ मध्ये हे पक्षी सु. २२ च उरले होते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिसेयुक्त दारूगोळ्यास पूर्ण बंदी आहे. तांब्याची घनता (८·९६) शिशाच्या घनतेहून (११·३४) कमी असल्याने तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी अधिक लांब होते. तिला स्थिर ठेवण्यास आट्यांचा पीळ अधिक घट्ट लागतो. त्यामुळे जुन्या रायफलींत हलकी गोळी निवडणे बहुधा श्रेयस्कर असते.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांची शिकार काही अपवाद वगळता निषिद्ध असून दारूगोळा तयार करण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना आवश्यक आहे.