शेळीचे आतडे फाटले तर...

शेळीला गरिबाची गाय म्हणतात. आपल्या जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले, तरी इथल्या काळ्याभोर शेळीची ओळख ‘उस्मानाबादी’ हीच राहिली आहे. अनेक घरांची शाळेची फी आणि दवाखान्याचा खर्च तिच्याच जिवावर निघतो.

मागे भूम तालुक्यातील ईट येथून एका बाईंचा निरोप आला. बैलाने शिंग मारल्याने त्यांच्या शेळीची उजवी कूस फाटली होती व आतडे बाहेर लोंबत होते. शेजारी म्हणत होते, “खाटकाला देऊन मोकळ्या व्हा.” बाईंनी मात्र मला विचारले, “डॉक्टरसाहेब, तुटलेलं आतडं परत जुळतंय का?”

जुळते. सुश्रुतसंहितेत फाटलेल्या आतड्याच्या कडा काळ्या मुंग्यांकडून चाववून जोडण्याची कृती दिली आहे. १८२६ मध्ये फ्रान्सच्या लाँबेर यांनी आतड्याच्या कडा आत दुमडून शिवण्याचा टाका सांगितला. आतड्याच्या भिंतीत टाका धरून ठेवणारा खरा मजबूत पदर श्लेष्मल त्वचेच्या खालचा असतो, हे १८८७ मध्ये अमेरिकेच्या हालस्टेड यांनी दाखविले. माणसाच्या शस्त्रक्रियेतही आज हेच तत्त्व आहे.

आता पद्धतींची तुलना पाहू. दुपदरी शिवण गळत नाही, पण कडा आत दुमडल्याने वाट अरुंद होते. शेळीचे लहान आतडे मुळातच बारीक. तिथे हा धोका मोठा. आतड्याची दोन टोके बाजूला बाजू लावून जोडली तर वाट रुंद मिळते, पण वेळ जास्त लागतो आणि शिवणही लांब होते. कडेला कड भिडवून घातलेले एकेरी, सुटे टाके वाट मोकळी ठेवतात व लवकर पुरे होतात. मात्र प्रत्येक टाका त्या मजबूत पदरातून गेलाच पाहिजे. धागाही महत्त्वाचा. कॅटगट लवकर ढिला पडतो, तर विरघळणारा कृत्रिम धागा दोन-तीन आठवडे ताकद टिकवतो.

ईटच्या शेळीचे वीतभर आतडे काळे पडले होते. ते कापून मी एकेरी टाक्यांनी टोके जोडली, सलाइन भरून गळती तपासली व वर चरबीचा पडदा गुंडाळला. शेळी भुलीच्या औषधाला हळवी असते, म्हणून मात्रा मोजूनच दिली. शिवण सर्वांत कच्ची असते ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. ते दिवस बाईंनी गोठ्यातच काढले. चौथ्या दिवशी लेंड्या पडल्या, तेव्हा त्यांच्याइतकाच माझाही जीव भांड्यात पडला.

पशुपालकांनी एवढे लक्षात ठेवावे. आतडे बाहेर आले तर हळद, राख लावू नये. हाताने आत ढकलू नये. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट दीड चहाचा चमचा मीठ घालून त्यात स्वच्छ फडके भिजवावे व आतडे त्याने झाकावे. तोंडाने चारा, पाणी, तेल काही देऊ नये. जखम नसतानाही लेंड्या बंद होऊन रक्तमिश्रित शेंब पडू लागली, शेळी पोटावर लाथा मारू लागली, तर आतड्यात आतडे शिरले असण्याचा संभव असतो. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. पशुवैद्यकांना बोलवावे किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करावा. उशीर झाला की कोणताही टाका उपयोगी पडत नाही.